ग्रीक राजकीय विचार वाचायला घेताना

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं की आधी प्लेटो येतो, मागोमाग ॲरिस्टॉटल, आणि मग थेट मॅकियाव्हेली. निदान आमच्या अभ्यासक्रमात तरी असंच होतं. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की या मंडळींना ओळीने वाचू नका, एकमेकांशी भांडताना वाचा.

सुरुवात ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागापासून करा. पहिला मागाहून वाचला तरी चालतो. सुमारे वीस वर्षं प्लेटोच्या अकादमीत, म्हणजे त्याच्या शाळेत, काढलेला हा माणूस इथे गुरूच्या 'रिपब्लिक'वर तुटून पडतो. आदर्श राज्य सांभाळणाऱ्या रक्षकवर्गाला खासगी मालमत्ता आणि कुटुंब नको, म्हणजे राज्य एकजीव राहील, असं प्लेटोचं म्हणणं. ॲरिस्टॉटल म्हणतो, एकजीवपणा फार ताणला तर राज्य राज्यच उरत नाही; आणि जे सगळ्यांचं, त्याची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते. सोसायटीची गच्ची पाहिलेल्याला हे वेगळं समजावायला नको! हे वाचून मगच 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागाकडे वळा. प्लेटोची बाजू तेव्हा जास्त धारदार वाटते.

वक्तृत्व शिकवणाऱ्या आयसोक्रेटिसला आपल्याकडे कुणी विचारत नाही. खरं तर त्याची शाळा अथेन्समध्ये अकादमीच्या आधीची, आणि आपल्या वक्तृत्वशिक्षणालाच तो 'फिलॉसॉफी' म्हणायचा. निरुपयोगी गोष्टींच्या अचूक ज्ञानापेक्षा उपयोगी गोष्टींबद्दलचं बऱ्यापैकी मत बरं, हा त्याचा टोला.

पुढच्या पिढ्यांतल्या विचारवंतांचं भांडण समजून घ्यायला रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने केलेली मांडणी पाठ करावी अशी आहे. एपिक्युरस म्हणतो, शहाण्याने राजकारणात पडू नये, तशीच वेळ आल्याशिवाय. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो म्हणतो, पडावं, काही आड आल्याशिवाय. हा फरक एका प्रसंगातही दिसतो. इ.स.पू. १५५मध्ये अथेन्सवरचा ५०० टॅलंटचा (टॅलंट म्हणजे चांदी मोजायचं वजन) दंड कमी करून घ्यायला रोमला शिष्टमंडळ गेलं. त्यात अकादमीचा कार्निअडीस, स्टोइक डायोजिनीस आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रिटोलाउस होते; एपिक्युरसचा अनुयायी एकही नव्हता. कार्निअडीस तिथे एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध, असं सांगतात. या पाहुण्यांना लवकर परत पाठवा, असा धोशा रोमन राजकारणी थोरल्या केटोने लावला.

झेनोचं स्वतःचं 'रिपब्लिक' आज उपलब्ध नाही. त्याबद्दलची बरीच माहिती इतरांच्या, कधी विरोधकांच्याही, लिखाणातून येते. म्हणून नोट्स काढताना प्रत्येक मताशेजारी ते कुणी नोंदवलंय, तेही लिहा. आणि प्लेटोचा संदर्भ देताना पान नको, समासातला स्टेफॅनस क्रमांक द्या. भाषांतर बदललं तरी तो बदलत नाही.