पहिल्या सरीचे पाणी टाकीत घेऊ नका: गावी घर-शेती असलेल्या मुंबईकरांसाठी मृगापूर्वीचा सल्ला

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या कोरड्या तालुक्यांतील ज्या घरांची कर्ती माणसे मुंबईत नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे. तो मे महिन्याच्या सुट्टीतच अमलात आणावा लागेल, कारण वळीव कोणत्याही दिवशी येऊ शकतो आणि छपरावरून सर्वांत घाण पाणी तोच खाली आणतो. दरवर्षी एकच प्रकार पाहण्यात येतो: सुट्टीत हौसेने पन्हळ बसते, टाकी येते, बोअरशेजारी पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवण्याचा, म्हणजे पुनर्भरणाचा, खड्डा खोदला जातो, जूनच्या पहिल्या आठवड्यात घर पुन्हा मुंबईला येते आणि पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायला मागे कोणीच उरत नाही. पुढे टाकीतल्या पाण्याला वास येतो, बोअर गाळाने भरते आणि ऐन उन्हाळ्यात डाळिंबाची बाग टँकरवर जगवण्याची वेळ येते. पाऊस कमी झाला म्हणून गेलेल्या बागा आहेतच, पण पाऊस पुरेसा होऊनही या एका हयगयीपायी गेलेल्या बागांचे दुःख अधिक आहे.

मुंबईत राहून पावसाचा अंदाज चुकतो, हेही यामागचे एक कारण आहे. सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. माण किंवा सांगोल्यात अख्ख्या वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मुंबईतील सोसायटीचे छप्पर जूनमध्ये एकदा धुतले गेले की संततधारेमुळे सप्टेंबरपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहते. गावाकडे तसे होत नाही. तिथे जूनमध्ये दोन-चार सरी येतात, मग जुलै-ऑगस्टमध्ये नुसता वारा आणि धूळ, आणि खरा पाऊस बहुतेक वर्षी उत्तरा-हस्त नक्षत्रांत, परतीच्या वाटेवर येतो. म्हणजेच 'पहिला पाऊस' तिथे एकदा येत नाही. दहा-पंधरा दिवसांचा खंड पडला की छपरावर पुन्हा धूळ, पाखरांची विष्ठा आणि लिंबाचा पाला साचतो, आणि त्यानंतरची प्रत्येक पहिली सर ही पहिलीच समजून बाहेर सोडावी लागते. जूनमध्ये एकदा पाणी सोडले की काम झाले, हा समज सर्वाधिक नुकसान करतो.

किती पाणी सोडायचे, याचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. ५०० चौरस फुटांचा पत्रा किंवा स्लॅब म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. त्यावरचा पहिला २ मिलिमीटर पाऊस सोडायचा म्हटले तर सुमारे ९० लिटर पाणी बाहेर गेले पाहिजे. आता दुकानदार 'पहिल्या पावसाचे यंत्र' म्हणून जे विकतो ते पाहा. ती बहुधा टोपण लावलेली, चार इंची आणि मीटरभर लांबीची उभी नळी असते, आणि चार इंची नळीत मीटरला जेमतेम ८ लिटर पाणी मावते. अशा यंत्रासाठी हजारो रुपये मोजण्याऐवजी १०० लिटरचा जुना प्लास्टिकचा पिंप घ्यावा. मात्र तो औषधांचा किंवा रसायनांचा नसावा. पन्हळीच्या उभ्या नळीला टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून खालची वाट पिंपात आणि आडवी वाट टाकीत न्यावी. पिंपाचे तोंड नळीभोवती घट्ट बंद करावे. आधी पिंप भरतो, तो भरल्यावरच पाणी टाकीकडे वळते. पिंपाच्या तळाशी तोटी बसवून ती थेंब-थेंब गळेल इतकीच उघडी ठेवावी, म्हणजे एक-दोन दिवसांत पिंप आपोआप रिकामा होऊन पुढच्या खंडानंतरच्या सरीसाठी तयार राहतो. तोटीच्या जागी ठिबकचा ड्रिपर बसवण्याचा मोह टाळावा, कारण छपरावरच्या मातीने तो एका पावसात बुजतो. वळवानंतर हा पिंप एकदा उघडून पाहावा: तळाशी चार बोटे काळपट राड, तीत कुजलेला पाला आणि चिमण्यांची पिसे. ही राड पिंपात अडली नसती तर टाकीत गेली असती.

जुन्या माणसांची खूण अशी की पागोळीचे पाणी ओंजळीत धरल्यावर तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसल्या तरच ते भांड्यात घ्यावे. हिशेबाबरोबर ही खूणही वापरावी. वळवाच्या वेळी ९० लिटर सोडूनही रेषा दिसत नाहीत, असे पुष्कळदा घडते.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराचे पाणी पिण्यासाठी साठवू नये. बाकी छपरांसाठी मृगापूर्वीची कामे अशी:

- छप्पर झाडणे, पन्हळीतील पाला काढणे
- टाकी आतून घासून धुणे
- पन्हळीच्या तोंडाशी जाळी लावणे
- टाकीच्या झाकणाला आणि हवेच्या नळीला डासांची बारीक जाळी बांधणे
- पिंपाची तोटी गळते आहे की नाही ते पाहणे
- पुनर्भरणाच्या खड्ड्यातील गाळणीची वाळू उपसून पाणी नितळ निघेपर्यंत धुणे

वर हिशेबाला धरलेले ५०० चौरस फुटांचे छप्पर चांगल्या वर्षी सुमारे १८,००० लिटर पाणी देऊ शकते. एवढे साठवण्याची ऐपत सर्वांची नसते आणि गरजही नसते. पाच माणसांना पिण्या-शिजवण्यासाठी रोज २५ लिटर धरले, तर ५,००० लिटरची भरलेली टाकी २०० दिवस पुरते, म्हणजे ऑक्टोबरअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. त्यामुळे हे पाणी आंघोळीला किंवा गुरांना वापरू नये.

साठवलेले पाणी नितळ दिसले तरी निर्जंतुक असतेच असे नाही. ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या ५,००० लिटरच्या टाकीला १२.५ ग्रॅम लागते. ती कोरडी टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळ टाकीत ओतून ढवळावी आणि तासाभराने ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन पाहण्याची चाचणी) करावी. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पुन्हा थोडी निवळ घालावी. उघडी, ओलसर झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर निकामी समजावी, मग पुडीवर काहीही छापलेले असो. गढूळ पाण्यात टीसीएल वाया जाते, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे. शेवग्याच्या बियांची पूडही गढूळपणा बसवते, पण तिने जंतू मरतात असे मानू नये. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यास पिण्याचे पाणी खळखळून उकळल्यावर आणखी ५ मिनिटे उकळू द्यावे.

आरओ यंत्राबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. क्षार काढणे हे त्याचे काम, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. शिवाय घरगुती यंत्र १ लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा २ ते ३ लिटर पाणी गटारात सोडते. दुष्काळी गावात पावसाच्या टाकीला आरओ जोडून देणारा विक्रेता तुमचे हित पाहत नाही. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघाले तर गोष्ट निराळी. ते उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने दाट होतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड शक्यतो लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि १.५ च्या वर जाऊच नये. बोअरचे पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे. विक्रेत्याने दारात येऊन मीटर बुडवून दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो मीटर एकूण क्षार सांगतो, जंतू आणि फ्लोराइड सांगत नाही.

आता बोअर आणि विहीर. येथे चूक झाली तर सहसा सुधारत नाही. शेतातून वाहून येणारे पाणी थेट बोअरमध्ये सोडले की बारीक माती खडकाच्या भेगांत जाऊन बसते, पाझर बुजतो आणि पुढे कितीही कॉम्प्रेसर लावला तरी बोअर पूर्वीसारखे पाणी देत नाही. गाळणीचा खड्डा तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असा भरावा, आणि त्याच्या आधी गाळ बसण्यासाठी स्वतंत्र छोटा खड्डा असावाच. पहिल्या पावसाचा लोंढा ओढ्याला जाऊ द्यावा. नुकतेच खत टाकले असेल किंवा तणनाशक मारले असेल तर त्या शेताचे पाणी पुनर्भरणाला घेऊच नये, आणि ज्या बोअरचे पाणी घरात प्यायले जाते त्याच्या केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या नळीला) भोके पाडू नयेत. प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाळूवर बोटाएवढा चिकट थर बसतो. तो वाळला की पापडासारखा तडकून सुटतो, त्याच वेळी खराट्याने ओढून काढावा. तो तसाच राहिला तर पुढच्या पावसाचे पाणी खड्ड्यावरून वाहून जाते आणि पाणी मुरते आहे असे घरच्यांना वाटत राहते. कंपनीच्या तयार गाळणीलाही हा थर चुकत नाही, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

शेततळ्याच्या तोंडाशी हाच गाळाचा खड्डा लागतो. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, पण गाळ भरत गेला की ते उथळ होते आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात.

मुंबईला परतण्यापूर्वी पिंपाची तोटी आणि वाळूचा थर पाहण्याचे काम गावातील एका माणसाकडे नाव घेऊन सोपवावे. 'कोणीतरी बघेल' म्हणून सोडू नये. वयस्कर आई-वडिलांना शिडी चढायला लावू नये, त्यासाठी शेजारच्या तरुण मुलाला हंगामाचे चार पैसे द्यावेत. गणपतीला गावी जाल तेव्हा पिंप उघडून तळ धुवावा, वाळूचा वरचा थर काढावा आणि टाकीत जूनचे जुने पाणी असल्यास ते वापरून जागा मोकळी करावी, कारण उत्तरा नक्षत्राचा पाऊस १३ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि टाकी खऱ्या अर्थाने त्याच पाण्याने भरायची असते.