बसून असलेल्या घोड्याची लव: खालचीच काढा

टांग्याला किंवा शर्यतीला न जुंपलेल्या घोड्याची थंडीतली दाट लव होळीपर्यंत अंगावर राहिली, तर निपाणी-चिकोडीकडच्या दुपारच्या उन्हात तो उभ्या जागी घामानं भिजतो. म्हैस भादरतो तसा अख्खा घोडा भादरायची गरज नाही. मानेची खालची बाजू, छाती आणि पोट एवढंच काढा. पाठ, कंबर, पाय राहू द्या. पहाटेचा गारवा अजून असतो.

१. आदल्या दिवशी खरारा करून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या, मातीच्या केसांत पातं अडतं, केस ओढले जातात आणि मग घोडा मशीन बघूनच मागे सरतो.

२. कुठपर्यंत भादरायचं, त्याची रेघ खडूनं दोन्ही अंगांवर मारा. समोर उभं राहून दोन्ही रेघा एका उंचीवर आल्यात का बघा. या एका गोष्टीनं निम्मं काम सोपं होतं.

३. मशीन आधी लांबच चालू ठेवा. कान स्थिरावले की खांद्यापासून, केसांच्या उलट दिशेनं चालवा. कोपरामागची सैल कातडी दुसऱ्यानं ताणून धरावी, तिथंच कापतं. पातं मधूनमधून मनगटाला लावून बघा; गरम लागलं की थांबा, तेल द्या.

कानाच्या आतले केस काढू नका, माशा त्यानंच अडतात.

म्हाताऱ्या घोड्याची लव भर उन्हाळ्यातही झडत नसेल, तर नुसती भादरून गप्प बसू नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं; जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.