दारूचा ठसा शोधायला गेले, बिडीचा सापडला

दारूच्या व्यसनावर पीएचडी करणार म्हटल्यावर आईने विचारलं, "म्हणजे दारुड्यांत बसणार तू?" बसावं लागलंच, आणि बरं झालं.

विषय एपिजेनेटिक्स. म्हणजे असं : जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण त्यांवर मेथिल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चिकटतात, किंवा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर अ‍ॅसिटिल गट चढतात. मग जनुक दबतं किंवा जागं होतं. तुम्हीही या विषयात येणार असाल, तर मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेतली, म्हणजे सुखाची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतली, डीआरडी२, ओपीआरएम१ ही जनुकं तुम्हाला सारखी भेटतील. वाचनाची सुरुवात २०१९च्या 'नेचर'मधल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शोधनिबंधापासून करा. यकृतात दारूपासून बनलेलं अ‍ॅसिटेट रक्तातून मेंदूत जातं आणि एसीएसएस२ या एन्झाइमच्या मदतीने हिस्टोनांवर बसतं, हे त्यांनी उंदरांत दाखवलं. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा विश्वासच बसेना.

आता माझी फजिती. रुग्ण आणि न पिणारे यांच्या रक्ताची तुलना केली, तर एका जागी मेथिलेशन, म्हणजे मेथिल गटांचं प्रमाण, ठळक घटलेलं. मी हरखून गेले. माझ्या मार्गदर्शक सरांनी जनुकाचं नाव पाहिलं, एएचआरआर, आणि विचारलं, "यांत बिडी-सिगारेटवाले किती?" हे जनुक म्हणजे धूम्रपानाची ओळखीची खूण! माझ्या फॉर्मवर 'तंबाखू : हो/नाही' एवढाच रकाना, तोही निम्मा रिकामा. पुन्हा वॉर्डात गेले. रोज किती, बिडी की सिगारेट, सोडली तर कधी? एक काका म्हणाले, "बिडी काय व्यसन झालं का मॅडम?" तेव्हा फॉर्म पहिल्या दिवशीच नीट करा. दारूने रक्तातल्या वेगवेगळ्या पेशींचं प्रमाणही बदलतं आणि पेशीगणिक मेथिलेशन वेगळं, म्हणून तोही हिशेब मांडावा लागतो.

मेथिल गट ओळखायला प्रयोगशाळेत बायसल्फाइट हे रसायन वापरतात : त्याने साध्या सायटोसिनचं (डीएनएचं एक अक्षर) युरासिल हे दुसरं अक्षर होतं, मेथिलवालं तसंच राहतं. पण डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायला) आखूड भागच घ्या. आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आर ही संगणकभाषा मात्र लगेच शिका.

आणि रक्त म्हणजे मेंदू नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार व मेंदूविकार संस्थेत मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे, पण जिवंत रुग्णाचं आपल्या हाती रक्तच येतं. संमतीपत्र वाचून दाखवताना एका बाईंनी विचारलं, "पोरात उतरलं असेल का हो हे?" मी म्हटलं, "या तपासणीतून ते कळत नाही, ताई." त्यांनी मान हलवली आणि सहीसाठी पेन मागितलं.