साथीच्या दिवसांत मुलांचा खेळ: मैदानावरच्या या चुका टाळा

साथ आली की मैदानाच्या बाबतीत आपण दोनच गोष्टी करतो. एक तर फाटकाला कुलूप ठोकतो, नाहीतर ‘मुलांना काय होतंय’ म्हणत सगळं पूर्वीसारखं चालू ठेवतो. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदी सैल करणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशाने मैदानं व्यायामासाठी उघडली. गटाने खेळायला मनाई होती आणि मुलांबरोबर मोठं माणूस हवं अशी अट होती. तरी कितीतरी सोसायट्यांनी आपलं अंगण पुढेही बंदच ठेवलं, आणि मुलं जिन्यात नि तळघरातल्या पार्किंगमध्ये खेळत बसली. मोकळ्या हवेतून उचलून कोंदट हवेत नेऊन ठेवली, एवढंच त्यातून साधलं.

पुढची साथ कोरोनाची असो वा फ्लूची, बहुतेक खेळ चालू ठेवता येतात. धोका नेमका कुठे आहे ते आधी बघावं लागतं, आणि तो बऱ्याचदा सीमारेषेच्या बाहेर उभा असतो.

चेंडू पुसला, खिडकी बंदच

दर षटकानंतर चेंडूवर सॅनिटायझर मारणारे प्रशिक्षक आपण सगळ्यांनी पाहिलेत. हात धुवावेत, त्यात वाद नाही. पण कोरोना मुख्यतः श्वासावाटे पसरला, आणि धापा टाकणारं मूल बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त हवा आत-बाहेर करतं. त्यामुळे पहिला प्रश्न चेंडूचा नाही, हवेचा.

बॅडमिंटनचा हॉल घ्या. शटल वाऱ्याने भरकटू नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या, कधीकधी पंखेही बंद. एक बॅच घामाघूम होऊन निघते आणि तिने सोडलेल्या हवेत लगेच दुसरी शिरते. दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच दिसलं. दाटीवाटीच्या खोल्यांत चालणाऱ्या जोमदार नृत्य-व्यायामाच्या वर्गांतून १२ केंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. त्याच वेळी तिथल्या एका बाधित शिक्षिकेच्या योग आणि पिलाटेसच्या छोट्या वर्गांत मात्र कुणालाही लागण झाली नाही. दमछाक, गर्दी आणि बंद खोली एकत्र आली की काम बिघडतं.

उपाय महागडे नाहीत. बॅच निम्मी करा. दोन बॅचेसमध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडून त्या वेळात सगळी दारं सताड उघडी ठेवा. ज्यांची पाळी नाही ती मुलं हॉलबाहेर थांबतील असं बघा. आणि साथ जोरात असेल तर सरळ नायलॉनचं शटल घेऊन अंगणात खेळा. ते वाऱ्याने हलेल, हलू दे.

सगळ्या खेळांना एकच नियम

‘सहा फुटांचं अंतर ठेवा’ ही पाटी कबड्डीच्या मैदानावर लावणं म्हणजे विनोदच. चढाई करणारा तोंडाने सतत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोय, समोर हात धरून साखळी उभी आहे, आणि पकड झाली की पाच-सहा जण एकमेकांच्या अंगावर. कुस्तीत तर दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिसेंबर २०२० मध्ये शालेय कुस्तीच्या स्पर्धांना आलेल्या १३० जणांपैकी ३८ जण बाधित निघाले, आणि तेही सगळ्यांची तपासणी झालेली नसताना. पुढे त्यांच्या संपर्कातले लोकही आजारी पडले. म्हणून लाट चढती असताना कबड्डी आणि कुस्तीचे सामने थांबवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पदलालित्य, जोर-बैठका, दोरीच्या उड्या, एकट्याने करायचा सराव चालू ठेवा, म्हणजे मुलांची सवय मोडत नाही.

धोक्याच्या बाबतीत खो-खो या दोन टोकांच्या मधोमध. पळणारा क्षणभरच जवळ येतो, मैदान उघडं असतं. पण ‘खो’ देताना बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप पडते आणि आवाज त्याच्या मानेमागूनच निघतो. सरावात नुसत्या थापेवर उठायचं ठरवलं तर नियमाचे पंडित नाराज होतील, होऊ देत. क्रिकेट आणि धावणं त्या मानाने सोपं. चेंडूला थुंकी लावायला आयसीसीने जून २०२० मध्येच मनाई केली आणि २०२२ मध्ये ती कायमची केली; गल्लीत मात्र ती सवय अजून जिवंत आहे.

सामना मोकळ्यावर, प्रवास कोंबून

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मैदानावर दोन तास अंतर पाळलं आणि परत येताना एका ओम्नीत दहा पोरं, काचा वर, जिंकल्याच्या आरोळ्या. शक्य तिथे पालकांनी आपापल्या मुलाला न्यावं. गाडी लागणारच असेल तर काचा खाली, मास्क वर, आणि एका गाडीत एकाच बॅचची मुलं.

पाण्याचं पिंप आणि त्यावर साखळीने बांधलेला पेला आता तरी काढून टाका. ‘वरून पी’ म्हटलं तरी तहानलेलं पोर वरून पीत नाही. बाटली घरून, नाव घालून. क्रिकेटच्या सामायिक किटमधलं हेल्मेट सगळ्यात ओलं असतं, त्याचे आतले पट्टे पुसून वाळवल्याशिवाय ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाता कामा नये.

फाटकावरची बंदूक

कपाळाला रोखलेली तापमापक बंदूक दिलासा देते, माहिती फारशी देत नाही. लक्षणं दिसण्याआधीही मूल संसर्ग पसरवू शकतं, आणि दुपारच्या उन्हात सायकल मारत आलेल्याचं कपाळ उगाच तापलेलं असतं. त्यापेक्षा निघण्याआधी घरीच विचारा: घसा, खोकला, ताप, जुलाब, घरात कुणी आजारी? हे उत्तर खरं यायचं असेल तर एक काम प्रशिक्षकांनी करायला हवं. आजारपणाच्या गैरहजेरीमुळे निवड हुकणार नाही, असं आधीच जाहीर करा. नाहीतर निवड चाचणीच्या सकाळी सगळ्यांचाच खोकला ‘धुळीचा’ असतो.

मास्क: पळताना नको, थांबल्यावर हवा. जोरदार व्यायाम करताना मास्क घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं होतं. हनुवटीवर मास्क आणि तोंडात शिट्टी अशा थाटात गोल करून ओरडणाऱ्या सरांनी मात्र तो नीट घालावा आणि सूचना लांबून द्याव्यात.

बरा झाला, लगेच मैदानात

ताप उतरला म्हणजे स्टॅमिना परत आला असं नाही. कोरोनानंतर काही मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं आढळलं. हे प्रमाण कमी होतं, पण दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं. आधी चालणं, मग हलकं धावणं, मग सराव, आणि सामना शेवटी, असं चढत जा. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. आजार गंभीर होता किंवा नंतर शरीरभर दाह झाला असेल, तर तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळ बंद, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला होता. निर्णय हृदयतज्ज्ञांचा, पालकांच्या हौसेचा नाही.

आणि एक वही ठेवा: कोणत्या दिवशी कोणत्या बॅचला कोण होतं, पालकांचा फोन. बॅचेस ठरलेल्या असतील, आणि ‘एक गडी कमी पडतोय’ म्हणून शेजारच्या बॅचचा ओढला नसेल, तर कुणी आजारी निघाल्यावर तेवढीच बॅच थांबवता येते. त्या मुलांच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करा. आजारी मुलाचं नाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ‘अमुक दिवशीच्या सकाळच्या बॅचमधल्यांनी लक्षणं बघा’ एवढा निरोप पुरतो.