माळावरची हमिंगबर्ड मिंट: गणपतीत बी, दसरा-दिवाळीत लागण

गणपतीच्या दिवसांत ट्रे भरले की परतीचा पाऊस उघडेपर्यंत रोपं लागणीला येतात. हमिंगबर्ड मिंटला साताऱ्या-सांगलीकडे हेच वेळापत्रक जमतं, म्हणून हे आत्ता लिहिते आहे. बुकेसाठी दर वर्षी नव्याने लावावं न लागणारं फूल शोधत असाल, तर यंदा एक गुंठा याला द्या. तो गुंठा कुठला, हे मात्र घाईत ठरवू नका. या झाडाचं जगणं-मरणं तिथेच ठरतं.

झाड तुळशीच्या कुळातलं. चौकोनी देठ, समोरासमोर पानं, शेंड्याला मंजिरी. फक्त ही मंजिरी अंगठ्याएवढी जाड, चार-पाच इंच लांब आणि जांभळट निळी असते. पान चुरगळलं की बडीशेपेचा वास हाताला राहतो. अमेरिकेत हमिंगबर्ड हा पक्षी याच्या फुलातला मध प्यायला येतो, म्हणून हे नाव. आपल्याकडे तो पक्षी नाही. ती जागा शिंजीर आणि मधमाश्या घेतात. नावात मिंट असलं तरी पुदिन्यासारखं हे जमिनीखालून पसरत नाही, एका जागी बुडखा धरून वाढतं.

शास्त्रीय नाव अगॅस्टाकी. मी एका रोपवाटिकेत एवढंच नाव सांगून आले आणि हातात हादग्याची रोपं पडली, कारण हादग्याला आपल्याकडे अगस्ता म्हणतात. तेव्हा चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून न्या. कटफ्लॉवरसाठी, म्हणजे देठासकट कापून विकायच्या फुलासाठी, दोन जाती धरा: अगॅस्टाकी रुगोसा आणि अगॅस्टाकी फोनिक्युलम. दोन्ही सरळ उभ्या वाढतात, मंजिरी भरगच्च येते. रुगोसा मूळची कोरिया, जपान, चीनकडची. तिथे उन्हाळ्यातच पाऊस पडतो, म्हणून आपल्या पावसाळ्याचा विचार करता माझी पहिली पसंती तिला. फोनिक्युलम उत्तर अमेरिकेच्या गवताळ पठारांवरची. नारिंगी-गुलाबी, नळीसारख्या फुलांच्या जाती मेक्सिको आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या कोरड्या भागातल्या. दिसायला देखण्या, पण तुरे विरळ आणि ओल अजिबात सोसत नाहीत. त्या नंतर बघू. आणखी एक: ‘ब्लू फॉर्च्युन’ हा वरच्या दोन जातींचा संकर. त्याला बी धरत नाही, तो कलमानेच वाढवतात. त्या नावाने कोणी बियांची पुडी विकत असेल तर घेऊ नका.

आता जमिनीचं. कृष्णाकाठची काळी, मळीची जमीन उसाला सोनं, पण या झाडाला ती नको. वाळवा, मिरज, पलूसकडच्या चोपण झालेल्या, म्हणजे क्षार चढून पाणी न मुरणाऱ्या रानात तर लावूच नका. याला हवा माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळचा मुरमाड माळ. ज्या तुकड्याला आपण ‘हलकं रान’ म्हणून नाक मुरडतो, तोच याला मानवतो. दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं.

माझी पहिली लागण मी विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यात केली होती, पाणी जवळ म्हणून. डिसेंबरपर्यंत झाडं डोळ्यांत भरावीत अशी वाढली. मग एका पाळीला जास्त पाणी बसलं. संध्याकाळी हिरवीगार दिसलेली झाडं सकाळी माना टाकून उभी. मला वाटलं तहानली, म्हणून पुन्हा पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी एक झाड उपटलं, तर मुळाची साल बोटांत निसटून आली आणि आत नुसता दोरा राहिला. हीच मूळकूज. ओल्या मातीत झाड सुकलेलं दिसलं तर पाणी देऊ नका, आधी बोट खुपसून माती बघा.

म्हणून लागणीआधी एक परीक्षा करा. हातभर खोल खड्डा काढून पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. सकाळी भरलेलं दुसरं पाणी दुपारच्या जेवणापर्यंत जिरलं, तर जागा चांगली. संध्याकाळीही साचलेलं दिसलं, तर दुसरा तुकडा शोधा.

बी बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. नेहमीच्या सवयीने वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर दिला की उगवण फसते. ट्रे कोकोपीटने भरून ओला करा, बी वर टाकून बोटाने नुसतं दाबा, आणि पाणी बारीक फवाऱ्यानेच द्या, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. शेडनेटखाली, पावसाचा थेंब लागणार नाही असं ठेवा. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. पाच-सहा आठवड्यांचं रोप झालं की लागणीआधी आठवडाभर पाणी कमी करून त्याला उन्हाची सवय लावा.

परतीचा पाऊस उघडला, वापसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की लागण. तीन फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफे करा, दोन वाफ्यांत सव्वा फुटाची सरी सोडा. वाफ्यावर दोन ओळी, रोपात एक फूट अंतर. असं धरलं तर गुंठ्यात साधारण ५०० रोपं बसतात. रोप ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, बुडख्यावर माती चढवू नका. वाफे भरताना चांगलं कुजलेलं शेणखत थोडं आणि त्यात मुरवलेली ट्रायकोडर्मा (मूळकुजीला आवरणारी उपयोगी बुरशी) एवढं पुरे. उसाच्या सवयीने युरियाचा हात सैल सोडला तर काडी लुसलुशीत होते आणि फुलाच्या वजनाने लोळते.

पहिले तीन-चार आठवडे ठिबकने नियमित पाणी, नंतर वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. पहिलं फूल लांबतं, पण एका काडीच्या जागी चार-पाच मिळतात. वाफ्यावर आधाराची आडवी जाळी तेव्हाच ताणून घ्या, झाडं लोळल्यावर ती घालता येत नाही.

कीड फार त्रास देत नाही. उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे, दमट हवेत भुरी आणि केवडा हे पानांवरचे बुरशीसारखे रोग, यांच्यावर नजर ठेवा. फुलात असताना कीटकनाशक मारू नका. मधमाश्या दिवसभर मंजिरीवर असतात. शेजारी डाळिंबाची बाग असेल तर तिच्या फळधारणेलाही त्याच माश्या कामाला येतात, तेव्हा बागवाल्याशीही फवारणीच्या वेळेबद्दल बोलून ठेवा.

तोडणी हा खरा हातखंड्याचा भाग. मंजिरीतली निम्म्याहून जास्त, दोन तृतीयांशापर्यंत फुलं उमलली की काडी काढा. गुलाबाच्या कळीसारखी घाई इथे चालत नाही, कोवळी काडी बादलीतही शेंडा टाकते. देठ धरून हलवून बघा, शेंडा लवला तर अजून दोन दिवस थांबा. सकाळी दव उडाल्यावर, ऊन तापायच्या आत तोडा. बादली बांधावर नको, हाताशी हवी. काडी कापली की लगेच पाण्यात. खालची पानं काढून टाका, ती पाण्यात बुडाली की पाणी नासतं. नीट सांभाळलेली काडी फुलदाणीत आठवडाभर, कधी दहा दिवसही टिकते. उलटी टांगून सावलीत वाळवली तर वास आणि बराचसा रंग राहतो.

हे हाराचं फूल नाही, त्यामुळे झेंडू-शेवंतीबरोबर आडतीला लावू नका. पहिल्या तोड्याच्या दहा-दहा काड्यांच्या चार-पाच जुड्या बांधा आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्यातल्या बुके करणाऱ्यांच्या दुकानात स्वतः नेऊन दाखवा. त्यांना लागणारी काडीची लांबी विचारून या, मगच दुसऱ्या गुंठ्याचा विचार करा.

बहर संपला की झाड वीतभर ठेवून छाटा, पुन्हा फुटवा येतो. मे महिन्याच्या शेवटी मात्र बुडाशी सपाट छाटू नका. कापलेल्या काडीतून पाणी बुडख्यात उतरतं आणि झाड आतून सडतं. काड्या उभ्या राहू द्या. बुडख्याभोवतीचा पालापाचोळा काढून बारीक खडी पसरा, सऱ्यांची तोंडं मोकळी करा. माण-जतकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे एवढी तयारी केली की झाड निभावतं. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे उघड्यावर हे पीक पावसाळा काढणार नाही, तिथे पॉलिहाऊस असेल तरच हात घाला.

आणि मे मध्येच, फूल नसलेल्या कोवळ्या फुटव्यांची बोटभर कलमं ट्रेमध्ये लावून आडोशाला ठेवा. चांगल्या जागीही हे झाड तीन-चार वर्षांच्या पुढे सहसा जोमात राहत नाही, आणि पावसाने काही बुडखे नेलेच तर दसऱ्याला तीच रोपं त्या खड्ड्यांत जातील.