केळीचे भाव आणि जाहिरातींचा मारा

रावेरला अण्णा रोज सकाळी मोबाइलवर केळीचे भाव बघतात. गेल्या महिन्यात ‘तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस’ अशा जाहिराती एकावर एक यायला लागल्या. क्रोम बंद असलं तरी! हिस्टरी पुसली, काही फरक नाही. विचारलं तेव्हा कळलं, कुठल्याशा साइटवर ‘रोबो नसाल तर अलाउ दाबा’ असं आलं होतं आणि अण्णांनी दाबलं होतं. म्हणजे नोटिफिकेशन पाठवायची परवानगी घरातूनच गेलेली.

क्रोमची तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन. तिथे अनोळखी ६ साइट निघाल्या, एकेक ब्लॉक केली. पॉप-अपही बंद केले. जाहिरातीतलं ‘व्हायरस काढणारं’ अ‍ॅप मात्र अजिबात टाकू नका, त्यांना तेच हवं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताघेता अण्णांनी भाव मोठ्याने वाचून दाखवला.