चिनी गार्डन स्टूल घेताय? आधी आत हात घाला

मागे एका जुन्या बाजारात मला चिनी मातीचं ढोलासारखं स्टूल दिसलं, पांढऱ्यावर गुलाबी फुलं, एकदम सुंदर. दुकानदार म्हणाला ताई हे मिंग काळातलं, मी पण हुशारी दाखवून घासाघीस केली आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. नंतर कळलं की तो दाट गुलाबी रंग, जो सोन्यापासून करतात, तो चिनी भांड्यांवर यायला लागला साधारण १७२० च्या आसपास, आणि मिंग घराणं बुडालं १६४४ ला. म्हणजे रंग आला राज्य गेल्यावर पाऊणशे वर्षांनी. तर ही चूक तुमची होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी हे स्टूल नक्की काय ते बघा. उंची साधारण ४५ ते ५० सेंमी, मधे फुगीर, आणि वरखाली गोल ठिपक्यांची एकेक रांग. ते ठिपके उगाच डिझाइन नाहीत बरं का. आपल्या ढोलकीला दोरी किंवा वादी असते, चिनी ढोलाचं कातडं मात्र लाकडाला गोल डोक्याच्या खिळ्यांनी ठोकलेलं असतं, ते खिळे कुंभारानं मातीत उतरवलेत. म्हणून चिनी भाषेत याला ढोल-स्टूल म्हणतात, आणि दुसरं नाव शिऊदुन, म्हणजे भरतकामाचं स्टूल, कारण वर भरतकामाचं रेशमी कापड किंवा गादी टाकायचे (नुसत्या मातीवर थंडीत कोण बसणार!). मातीच्या आधी अशी बसणी वेताची, बांबूची आणि दगडाचीही होती. मिंग काळात जिंगदेझेनच्या (चीनमधलं चिनी मातीच्या भांड्यांचं प्रसिद्ध गाव) भट्ट्यांमधून निळी-पांढरी यायची, शिवाय मातीच्या उंच रेघा काढून मधे मोरपंखी नि जांभळी झिलई भरलेली पण असायची, ती मला स्वतःला सगळ्यात आवडतात. बाजारात जी खरी जुनी मिळू शकतात ती मात्र बहुतेक १९ व्या शतकातली कँटनची (दक्षिण चीनमधलं बंदर, आजचं ग्वांगझू): कोरं पांढरं भांडं जिंगदेझेनला भाजायचं, रंगवायचं कँटनला, आणि तिथून जहाजानं बाहेर. त्याच कँटनशी मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा धंदा होता, म्हणून जुन्या पारशी घरांत चिनी भांडी निघतात, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी पोर्सिलेन ठेवलीयेत. ती आधी जाऊन बघा, डोळा तयार होतो.

आता मुद्द्याचं. चित्राकडे बघूच नका, आधी आत हात घाला. स्टूलाच्या अंगाला दोन नाणी एकमेकांत अडकवल्यासारखी भोकं असतात. नाणी म्हणजे शुभ हे झालंच, पण भाजताना आतली गरम हवा बाहेर पडायलाही ती लागतात, नाहीतर पोकळ भांडं भट्टीतच फुटायचं. त्या भोकातून बोटं जातात तितकी आत घाला (अंगठ्या काढून!) आणि भिंत चाचपा. चाकावर केलेलं असेल तर बोटांना आडव्या लाटा लागतात, आणि मोठं भांडं एका दमात होत नाही, दोन भाग करून जोडतात, म्हणून कुठेतरी आडवा सांधा, थोडी जास्तीची माती, झिलईचा ओघळ असलं काहीतरी हाताला लागतं. आतून भिंत एकदम गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीची लागली आणि बाहेर वरपासून खालपर्यंत उभी पुसट रेघ दिसली तर ते साच्यात ओतलेलं, हल्लीचं. मात्र चाकावरची आजही करतात, त्यामुळे लाटा लागल्या म्हणून लगेच पैसे काढू नका.

मग भोकांच्या कडा बघा. माती अर्धवट वाळलेली असताना सुरीनं कापलेलं असतं, त्यामुळे सगळी नाणी हुबेहूब सारखी नसतात. ठिपक्यांचंही तेच, एखादा चेपलेला, एखादा जरा तिरका, असं असेल तर मला बरं वाटतं. चित्रावर भिंग धरा, छपाईचे बारीक बारीक ठिपके दिसले की संपला विषय. हातानं रंगवलेल्या गुलाबी-हिरव्याचा उंचवटा नखाला लागतो. सोनेरी रंग बसायच्या जागी झिजलेला आणि कडेला शाबूत असेल तर पटतं, पण सगळीकडे सारखाच झिजलेला आणि ओरखडे सगळे एकाच दिशेचे, तर तो पॉलिशपेपर आहे हो.

शिक्क्यावर तर अजिबात भुलू नका. जुन्या बादशहाचं नाव नंतरच्या भांड्यांवर घालायची चीनमध्ये जुनीच पद्धत आहे, आणि पुष्कळ स्टूलांवर शिक्काच नसतो. इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या वस्तूवर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

शेवटी टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे, आणि तो बहुतेक नाण्याच्या भोकाच्या कोपऱ्यातून सुरू होतो कारण लोक भोकात बोटं घालून उचलतात. तुम्ही दोन्ही हात खाली घालून उचला. ॲसिडवालं क्लीनर लावू नका, ओलं मऊ फडकं पुरे, आणि पावसाळ्यात गॅलरीत ठेवू नका.

आणि हो, खरंच १०० वर्षांपेक्षा जुनं निघालं तर परदेशातल्या भावाला पाठवायचा विचार सोडा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते खाजगीरीत्या बाहेर नेता येत नाही. माझ्या स्टूलासारखं नवं निघालं तर खुशाल पाठवा, फक्त जुनं दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या, नाहीतर कस्टमवाले अडवतील.